सगळ्यांचं ऐकून घेणारी

घाटकोपरला रॉकेलच्या रांगेत नलिनीबाई डबा घेऊन उभ्या होत्या. घरचा स्टोव्ह सकाळपासून कोरडा होता. पुढच्या दोन अनोळखी बायका मुंबईचा नवा महापौर ठरवत होत्या.

“माझ्या सासूला करा गं! नळावर दहा जणी भांडत असू दे, ती आली की सगळ्या गप.”

“आणि पाणी?”

“ते तिने आधीच भरलेलं असतं ना!”

“वाट लागली मुंबईची! मग तुझा नवरा?”

“त्याला घरात कोण विचारत नाही.”

“मग झकास! महापौराला तरी कोण विचारतं?”

“नको गं बाई. बंगल्यावर राहायला गेले तर शेजारी भांडायला कोण मिळणार? त्यापेक्षा एखादी शांत, सगळ्यांचं ऐकून घेणारी बाई करा.”

नलिनीबाई ताठ झाल्या. इतका वेळ त्या दुसरं काय करत होत्या? महापौरपदाचा हार कोणत्या साडीवर शोभेल, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

त्या भानावर आल्या तेव्हा दुकानदार ओरडत होता, “रॉकेल संपलं! उद्या या.”

पुढच्या दोघी केव्हाच डबे भरून गेल्या होत्या.

“ओ ताई,” मागची बाई कडाडली, “चौघी तुमच्या डोळ्यांदेखत मध्ये घुसल्या. तुम्ही काही बोलला का नाहीत?”

रिकामा डबा उचलत नलिनीबाई म्हणाल्या, “मी सगळ्यांचं ऐकून घेत होते.”