एकवीस किलोमीटर आणि तांब्याभर पाणी

पळण्याचं कौतुक मला सांगू नका, त्यापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलंय.

जळगावात पीटीच्या कॅनव्हास बुटांवर एकवीस किलोमीटर पळालो आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी मला मुलगी पाहायला धुळ्याला, देवपुरात नेलं. सोबत आत्या. मुलीच्या पायात काही खोट नाही ना, हे बघायचं काम तिचं.

सतरंजीवर मी कसाबसा बसलो. पोहे झाल्यावर आत्या मुलीला म्हणाली, "जरा पाणी आण गं बाई." मुलगी ताठ गेली, ताठ आली. आत्याचं समाधान झालं.

निघायची वेळ आली तर मला उठताच येईना. मांड्यांचे दगड झालेले. शेवटी वडिलांनी आणि मुलीच्या काकांनी काखेत हात घालून मला उभं केलं. सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर.

वडील घाईने म्हणाले, "तसं काही नाही, काल एकवीस किलोमीटर पळालाय तो."

मुलीचे आजोबा भिंतीला टेकून बसले होते. "पयनं ऱ्हाऊ द्या भाऊ," ते म्हणाले, "पहिले चालीसन दखाडा."

मी भिंत धरून चालून दाखवायला लागलो. तेवढ्यात मुलगी हळूच म्हणाली, "आबा, नुसतं चालायला कशाला लावता? पाणी आणायला सांगा."

तेव्हापासून आणतोय.