पाण्याले ब्रेक नसते

मी अमडापूरचा. बाप लोकाच्या बैलगाडीवर कापूस वाहे. उतार लागायच्या आधी तो उतरून कापसाचे दोन बोरे मागं सरकवायचा, कारण उतारावर सारं ओझं बैलाच्या मानेवर येते. त्याले अक्षर येत नव्हतं, पण हे येत होतं. मी सातवी झालो, अन् महाराष्ट्र नवा नवा होता तवा मले ट्रकचं लायसन भेटलं. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला डायवर मी. माय पाहुण्यायले ट्रंकीतून लायसन काढून दाखवे.

मंग दुष्काळ आला अन् मले सरकारी टँकरवर घेतलं. टँकर म्हणजे काय सांगू तुम्हाले, जुन्या ट्रकवर जोडून बसवलेली गोल टाकी, आत या टोकापासून त्या टोकापर्यंत निरा पोकळ. विहिरीवर भरायचा, अर्धं पाणी घाटाच्या वरच्या गावात सोडायचं, अन् उरलेलं अर्धं घेऊन घाट उतरून खालच्या गावाले द्यायचं. अशा रोजच्या दोन खेपा. यादी तशी होती अन् ती यादी कचेरीतल्या साहेबानं केली होती.

पहिल्याच दिवशी मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं साहेब, दोन खेपा आहेतच, तर एक भरलेली खेप खाली नेतो अन् दुसरी वरच्या गावाले देतो, पाणी तेवढंच पडते, पण अर्धी टाकी घाटात नेऊ नका लावू. साहेब म्हणे भरला टँकर वरच्या गावासमोरून पुढं गेला तर लोक माझ्या नावानं बोंबलतीन. अन् अर्ध्यात वजन कमी असते, तू काऊन भेतं बे? मी म्हटलं, भरल्या टाकीतलं पाणी जागा सोडत नाही साहेब, अर्ध्यातलं धावते. गाडीले मी ब्रेक लावीन, पाण्याले कोण लावीन? नाही तर आत भोकं पाडलेले दोन पत्रे उभे मारून द्या, म्हणजे पाणी अडत अडत जाईन. तो कचेरीतल्या मुन्शीकडे पाहून हासला. म्हणे हा आता आपल्याले शिकवते.

वरच्या गावात सुभद्राबाई म्हणून एक म्हातारी होती, नळीखाली घागर भरायची. तिनं विचारलं, काऊन रे भाऊ, तोंड काऊन पाडलं? मी सांगितलं. ती घागरीत कडुलिंबाची डहाळी टाकत म्हणे, हे तर आमच्या पोरीले समजते. अर्धी घागर डोक्यावर हेलकावते अन् मान मोडते, म्हणून आम्ही काठोकाठ भरतो अन् वर डहाळी टाकतो, पाणी गुमान बसते. तुया साहेबाले म्हणा, एक घागर नेऊन पाह्य. बाया हासल्या, मीही हासलो.

दोन महिने मी बैलाच्या चालीनं घाट उतरलो. दर वळणावर पाणी पुढं येऊन टाकीवर धडकायचं, गाडी ढकलायचं, मंग मागं जायचं. असं वाटे का मागून कोणी दुसराच गाडी चालवून राह्यला. एका दुपारी वळणावर समोर शेळ्या आल्या. दुसऱ्याच गेरात होतो, ब्रेक दाबला, गाडी थांबल्यासारखी झाली, अन् तेवढ्यात सारं पाणी पुढं आलं, गाडी पुढं रेटली. शेळ्या वाचवाले मी चाक फिरवलं तर तेच पाणी बाहेरच्या अंगाले गेलं. डोंगराकडचे चाकं उचलले, अन् गाडी हळूच कुशीवर पडली, जशी म्हैस बसते. खालच्या गावचा कोतवाल पाणी वाटाले माझ्याजवळ बसून येत होता, त्याचा पाय दरवाजाखाली चेंदला. शेळी एकही मेली नाही. खालच्या गावाचं पाणी नालीत गेलं.

कोतवालानं दवाखान्यात सांगितलं का गाडी एवढी हळू होती, सायकलवाला पुढं निघाला असता. मुन्शीनं कागदावर लिहिलं, भरधाव. कोतवालाले वाचता येत नव्हतं, त्याचा अंगठा घेतला. सुभद्राबाई अर्ध्या टाकीचं सांगाले कचेरीत आपल्या पायानं आली, तर साहेब तिले म्हणे, तू तिथं होती काय? नव्हती ना, मंग जा. अन् मले साहेबानं कागद दिला, का माझ्या निष्काळजीपणानं गाडी पडली. म्हणे सही कर, ताकीद देऊन सोडतो, उद्यापासून टँकरवर ये. मी सारा कागद वाचला. विचारलं, उद्या टाकी अर्धीच का? म्हणे यादी तीच आहे.

म्हटलं, मंग सही नाही.

त्यायनं माझं लायसन जमा करून घेतलं. दुष्काळ संपेपर्यंत मी अन् माझी बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो, ज्या रस्त्यावर मी गाडी चालवायचो तोच रस्ता. तिनं मले एका शब्दानं विचारलं नाही का सही काऊन नाही केली. लोकं मात्र विचारत, किती दारू पेला होता बे त्या दिवशी. साहेबाची बदली झाली, वरच्या जागेवर. मले याचा राग आहे, अन् तो म्हातारपणी कमी होते असं जे म्हणतात त्यायले म्हणा, इकडे या.

नंतर लायसन परत भेटलं, पुढं वीस वर्षं ट्रक चालवला, कोणाले धक्का नाही लागू दिला. कोतवाल मरेपर्यंत लंगडला, पण मले कधी वाईट नाही बोलला. आता गुडघे गेले, ओट्यावर बसतो. पाण्याचा टँकर दिसला का डायवरले थांबवतो, टाकीचं झाकण उघडाले लावतो, अन् आत पडदे, म्हणजे तेच भोकं पाडलेले पत्रे, आहेत का पाहतो. असतात आताशा. त्याले म्हणतो, जा बापू, सुखाचा घरी पोच.

तो कागद कचेरीत कुठं असन तर असन. खाली डायवरच्या सहीची जागा कोरी आहे.