एकादशीला खुनाची कादंबरी

मंडळी, ऐका! कीर्तनाआधी चहा घेत होतो, तर एक गृहस्थ कानाशी आले. म्हणाले, "बुवा, आमची ही खुनाच्या कादंबऱ्या वाचते. एकादशीलासुद्धा! पाप लागतं का हो?" म्हटलं, अहो, साबुदाणा चालतो, भगर चालते — मग उपासाला एखादा खून चालतो की नाही, याचं उत्तर शास्त्रात कुठं शोधू?

हसू नका! प्रश्न खरा आहे. रोज विष, सुरा, प्रेत असलं वाचून माणसाचं मन मळतं, की धुतलं जातं? उत्तर मी देत नाही. उत्तर देतील मनोरमाकाकू!

कोकणातलं एक छोटं गाव. तिथले भाऊ खोत म्हणजे देवीचे मानकरी. कडक माणूस! आणि मनोरमाकाकू त्यांची बायको. काकूंना एकच नाद — रहस्यकथा! दुधाला उतू जायचं असेल तर जावो, पण खुनी सापडेपर्यंत बाई पुस्तकातून मान वर काढायच्या नाहीत. विहिरीवरच्या बायका चिडवायच्या, "काय काकू, आज किती मेले?" काकू म्हणायच्या, "दोनच. तिसरा खोकतोय."

तर शिमग्याचा दिवस. संध्याकाळी देवीची पालखी निघायची. देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे हो, पालखीत बसवायच्या आधी मानकऱ्यानं घरी नेऊन उजळायचे, ही रीत. सकाळी भाऊंनी सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसला, परसात बसून घमेल्यातल्या रिठ्याच्या पाण्यात रूपं घासली, फडक्यात बांधली आणि देवळात नेऊन ठेवली. तिथं धाकू मांडवकर एकटाच पालखी सजवत होता. पालखी नाचवावी तर धाकूनं! खांद्यावर घेतली की बघणाऱ्याचेही पाय थिरकायचे.

दुपारी गाव जमलं. गाठोडं सोडलं. आणि — थोरलं रूप आहे, मधलं आहे, धाकटं रूप नाही! तळहाताएवढी चांदीची देवी, गेली कुठं?

"एकटा कोण होता इथं?" भाऊ गरजले. सगळ्यांच्या माना धाकूकडे. लगेच एकाला आठवलं, "यानं लहानपणी खोतांचा फणस चोरला होता!" बघा मंडळी, माणसाचं पुण्य आठवायला पंचांग लागतं, पाप तोंडपाठ असतं!

भाऊ म्हणाले, "धाकू, पालखीवरचा हात काढ! यापुढं देवीच्या दांड्याला तुझा खांदा लागणार नाही."

धाकू पांढरा पडला. म्हणाला, "भाऊ, फनस नेलेला, खरा हाय. पन देवी काय फनस हाय? ती माजी पन आय हाय ना!"

कुणी ऐकेना. आरडाओरडा ऐकून काकू धावत आल्या, बोट पुस्तकात तसंच! शेवटची वीस पानं राहिली होती, काय करणार? सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, पहिल्याच प्रकरणात ज्याच्याकडे सगळे बोट दाखवतात, तो चोर नसतो."

गाव खो खो हसलं. "काकू, हे पुस्तक नव्हे!"

"नसू दे. पण आधी विचारू तरी. गाठोडं बांधताना रूपं मोजलीत?"

"मोजायची कशाला?" भाऊ म्हणाले. "इतकी वर्षं करतोय मी!"

"चष्मा होता डोळ्यावर?"

"सोवळ्यात चष्मा? ओवळी फ्रेम नाकावर ठेवून देवीला हात लावू?"

झालं! काकूंच्या डोळ्यांपुढं परसातलं घमेलं आलं, वर पांढरा फेस, आणि शेजारी बिनचष्म्याचा नवरा. मंडळी, पुस्तकात चोर कळला की वाचणाऱ्याला आनंद होतो. इथं कळलं आणि काकूंनी बोट काढून पुस्तकच मिटलं. सगळ्या गावासमोर नवऱ्याची फजिती? ती पण आपल्या तोंडून?

मनात एक वाट दिसली. गुपचूप घरी जावं, रूप आणावं, गाभाऱ्यात ठेवावं. गाव म्हणेल, देवी परत आली! नारळ फुटतील, भाऊंची अब्रू राहील. तुम्ही काय केलं असतंत? खरं सांगा! मी तर नारळही फोडला असता.

पण काकूंनी धाकूकडे पाहिलं. देवी अशी परत आली, तर लोक म्हणतील, धाकूनं भिऊन आणून ठेवली. त्याच्या कपाळीचा डाग जन्मात पुसणार नाही. काकूंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तरी त्या मोठ्यानं म्हणाल्या, "चला सगळे आमच्या परसात. अहो, तुम्ही पुढं व्हा."

भाऊंनी घमेल्यात हात घातला. फेस बाजूला झाला. धाकटी देवी आरामात रिठ्याच्या पाण्यात बसलेली! सोवळं सांभाळलं आणि देवीच विसरली, मंडळी!

कुणी हसलं नाही. भाऊंनी ओल्या हातांनीच धाकूपुढं हात जोडले. "चुकलो रे. पुढच्या दांड्याचा मान आमच्या घराण्याचा. आज तो तू घे."

धाकू रडला. आणि संध्याकाळी त्यानं पालखी अशी नाचवली, अशी नाचवली, की भाऊंसारखा कडक माणूस मुकट्याचा काचा खोचून मागं नाचत होता!

आणि काकू? त्या राहिलेली वीस पानं वाचायला घरी गेल्या. घरी भाऊ नंतर एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी लायब्ररीतनं माझ्यासाठीही एक आण."

तेव्हा गृहस्थहो, बायकोला वाचू द्या! खुनाचं वाचून मन मळत नाही. मळतं ते शेजाऱ्याचं अर्धंच पान वाचून निकाल दिल्यानं. पोथीचा शेवटचा अध्याय होईपर्यंत आपण उठत नाही, मग माणसाच्या बाबतीत एवढी घाई कशाला? आणि खरं कळल्यावर ते आपल्याच घरात निघालं, तरी बोलायची छाती ठेवा. ती छाती देवीनं काकूंना दिली, तुम्हा-आम्हालाही द्यावी. टाळी वाजवा, आईचं नाव घ्या!

आणि हो, आता बाहेर पडाल. चप्पल जागेवर दिसली नाही, तर "चोर, चोर" म्हणून ओरडू नका. आधी खाली वाकून बघा — आपल्या पायात कुणाची आहे!