झाकणाखालचा केस

बसा मंडळी, बसा! जरा पुढे सरका — मागे ती माउली उभी आहे, कडेवर लेकरू आहे तिच्या, तिला जागा द्या. हां! आणि ते रडलं तर रडू दे गं बाई, तू उठून जाऊ नकोस. देवळात लेकराच्या रडण्याचा विटाळ होत नाही!

पूर्वरंग झाला, देवाचं गाऊन झालं. आता आपल्या घरातलं बघू. एक प्रश्न टाकते. हुशार पोर, अभ्यासाची मनापासून गोडी असलेलं पोर, विद्यापीठात सगळ्यांच्या पुढे चाललेलं पोर — त्याचा अभ्यास बुडतो कशानं?

काय म्हणालात काका? मोबाइलनं! वाटलंच होतं. तुमचा मघाशी गजराच्या ऐन रंगात वाजला, तो आधी बंद करा! आणखी कशानं? आळसानं? नाही. वाईट संगतीनं? हं... जवळ आलात. पण संगत वाईट नव्हती हो! संगत सोन्यासारखी होती. तिथंच तर सगळी गंमत आहे. ऐका!

रत्नागिरीच्या बाजूला खाडीकाठी एक वाडी. तिथल्या भाटकरांची संज्योत. कमरेपर्यंत वेणी, डोळ्यांत सदा एक प्रश्न. पोरगी विद्यापीठात गेली — सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला. म्हणजे काय? डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं शास्त्र. आपण दिसणाऱ्यांशीच धड वागत नाही. ही न दिसणाऱ्यांच्या मागे!

पहिल्या वर्षी शेंडे मॅडमनी वर्गात एक कुळथाचं रोप आणलं, मुळासकट. मुळांना गाठी — बारीक, बाजरीच्या दाण्याएवढ्या. मॅडम म्हणाल्या, "या गाठींत जिवाणू राहतात. हवेतलं नत्र धरतात आणि झाडाला भरवतात." झालं! संज्योत वेडी झाली. लहानपणापासून कुळीथ उपटला, झोडला, त्याची पिठी ओरपली — आणि मुळाशी हा संसार चाललाय, पत्ताच नाही! त्या दिवसापासून ती वाचायची ती कशासाठी? मार्कांसाठी? छे! पुढे काय होतं ते कळावं म्हणून. लेकराला गोष्ट सांगताना आपण थांबलो की ते हनुवटी धरून म्हणतं ना, "मग?" — तसं! आणि असं वाचणाऱ्याला मार्क पडतातच. सगळ्यांत वरची श्रेणी, 'ओ' ग्रेड, तिला शोधत आली.

आणि मग, मंडळी, आली वृषाली.

वृषाली घाडगे, फलटणकडची. टायफॉइडात केस गेले होते, तेव्हापासून बोटभर ठेवायची. हसली की वसतिगृहाच्या जिन्यात ऐकू यायचं. दोघी एका खोलीत, एका बाकावर. एका ताटात म्हणा ना!

पण आपल्या पोरांची एक रीत आहे. तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीही पाळलीय. परीक्षेच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "माझं काहीच झालं नाही गं!" वाचून वाचून डोळे सुजलेत, तरी — "काहीच झालं नाही!" दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात, का समोरच्यानं गाफील राहावं म्हणून? ज्याचं त्यानं ठरवावं. मी काही कोणाचं नाव घेत नाही. पहिल्या रांगेत का हसताय?

वृषाली म्हणाली, "माझं काहीच झालं नाही गं." संज्योतही म्हणाली, "माझं तरी कुठे!" निकाल लागला — वृषाली वर, संज्योत खाली! अगदी केसभर खाली, पण खाली.

आणि तिथं मनात किडा शिरला. "ही खोटं बोलली. काहीच झालं नव्हतं म्हणे!" अगं बाई, आणि तू काय बोलली होतीस? पण नाही! स्वतःचं खोटं विसरली, तिचं गाठीला बांधलं.

आता संशयाचे डोळे कसे असतात बघा. वृषाली लवकर झोपली — "सोंग आहे. पहाटे उठत असणार." वृषाली कानात वायर घालून बसली — "गाणी कसली, मॅडमचं लेक्चर टेप केलंय." वृषालीनं आपण होऊन नोट्स दिल्या — "नक्की मधली पानं काढून घेतलीत." वृषालीनं घरून शेंगदाण्याची चटणी आणली, भाकरीवर प्रेमानं वाढली, आणि ही मनात म्हणते, "जड जेवण! मला दुपारी पेंग यावी म्हणून!" अहो, चटणीत कट दिसायला लागला!

आणि अभ्यास? पुस्तक उघडं असायचं. पण नजर? पलीकडच्या खाटेवर. ती किती पानं पुढे गेली? कुठला धडा काढला? जे पोर "मग?" म्हणून वाचायचं, ते आता "ती कुठं?" म्हणून वाचायला लागलं. वरून दोन्ही सारखंच दिसतं. आईबापाला फोनवर कळत नाही. पण आतलं तेल संपत आलेलं असतं.

आलं शेवटचं वर्ष. शेंडे मॅडमच्या हाताखाली संशोधनाची जागा होती — एकच. ज्या मुलीचा प्रकल्प आणि श्रेणी सर्वांत वर, तिला. संज्योतला ती जागा हवी होती. पहिल्या वर्षी कुळथाचं मूळ बघितलं तेव्हापासूनच हवी होती! प्रकल्प दोघींनी एकच निवडला — मुळाच्या गाठींतले जिवाणू वेगळे काढून वाढवायचे. संज्योतच्या आईनं शेतातली रोपं मातीच्या ढेकळासकट उपटली, ओल्या गोणपाटात बांधली आणि एसटीनं पाठवली. संज्योतनं त्यातली निम्मी वृषालीला दिली. द्यावीच लागली, मॅडम समोर होत्या ना!

आता हे जिवाणू वाढवतात कशात? काचेच्या चपट्या बशीत. वर काचेचंच झाकण. आत त्यांचं जेवण थिजवून ठेवतात. कशानं थिजवतात? चायना ग्रासनं! आपण उपासाला खातो तोच. म्हणजे चातुर्मास जिवाणूंनाही आहे बरं! मग ती बशी उबदार कपाटात ठेवायची आणि वाट बघायची. आणि नियम एकच — झाकण उघडायचं नाही! हवेत बुरशी असते, ती टपूनच बसलेली असते.

आयांनो, हे तुम्हाला काय सांगायचं? विरजण लावलं की आपण पातेलं हलवतो का? आणि ते लेकरू — तासभर थोपटून झोपवलं, अंगावर पांघरूण घातलं. गप्प बसावं ना? नाही! आई हळूच पांघरूण उचलून बघते, "झोपलं का गं माझं बाळ?" — झालं! टक्क! डोळे उघडे! बघा, ती माउली कशी हसतेय. कालच झालंय वाटतं!

संज्योतनं बशा ठेवल्या. आणि मनातला किडा वळवळला. "कपाट सगळ्यांचं. कुलूप नाही. वृषालीनं माझ्या बशा उघडल्या तर?" मग तिनं काय केलं असेल? ऐका हं, एवढी शिकलेली पोर! तिनं आपल्या वेणीतला एक लांब केस उपटला आणि बशी आणि झाकण यांच्या मध्ये अडकवला! कुणी झाकण उचललं तर केस हलेल, चोरी पकडली जाईल! आणि बशी खरं तर उलटी ठेवायची असते, नाहीतर झाकणाला धरलेली वाफ आत ठिबकते. पण उलटी केली तर केस पडेल ना! म्हणून सुलटी ठेवली. वर्षानुवर्षं शिकलेली स्वच्छता एका केसापायी गेली.

रोज सकाळी ती सगळ्यांच्या आधी जायची. कपाट उघडायची. झाकण हळूच उचलायची. केस जागेवर आहे का? आहे. कालही होता, आजही आहे. मग समाधान? छे! "केस जागेवर आहे, म्हणजे ती फार हुशार आहे. काढते आणि परत तस्साच ठेवते!"

बघा मंडळी! निर्दोष असल्याचा पुरावा मिळाला, तोच गुन्ह्याचा पुरावा झाला. संशयापुढे देव जरी साक्षीला आला, तरी संशय विचारील, "देवा, तुला कुणी पाठवलं?"

आणि बशीत बुरशी उगवली. हिरवी, काळी, कापसासारखी. नवी बशी भरली, तीतही केस अडकवला, परत बुरशी. आणि शेजारी वृषालीच्या बशा? स्वच्छ! दुधाच्या थेंबांसारखे जिवाणू, टपोरे. संज्योतच्या काळजात आग पेटली.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत ती दबक्या पावलांनी प्रयोगशाळेत आली. बघते तर काय — कपाट उघडं! आणि वृषालीच्या हातात संज्योतची बशी!

"सापडलीस!"

वृषाली दचकली. "अगं, केवढ्यानं ओरडतेस!"

"चल. आत्ताच्या आत्ता मॅडमकडे चल!"

मनगट धरून ओढत नेलं हो! शेंडे मॅडम डबा खात होत्या. संज्योत दारातूनच म्हणाली, "मॅडम, माझ्या बशा हीच नासवते. आज डोळ्यांनी पाहिलं."

मॅडमनी घास खाली ठेवला. "वृषाली, हात लावलास?"

"लावला की."

"बघा! कबूल करतेय!"

"अगं येडे, सुलटी ठेवली होतीस तू! पाणी ठिबकत होतं आत. म्हटलं विसरली असेल, उलटी करून ठेवावी. तुला सांगायचं तर हल्ली काही सांगितलं की तू अंगावर येतेस."

मॅडम उठल्या. त्यांनी बशी घेतली, खिडकीशी नेली, उजेडात धरली. बुरशी कुठून सुरू झालीय? मधून नाही. काठापासून! एका रेघेवरून, कुंपणाच्या तारेवर वेल चढावा तशी. मॅडमनी चिमटा घेतला आणि ती रेघ ओढली. निघाला केस. येतोय, येतोय, अजून येतोय — हातभर!

मॅडमनी वृषालीच्या डोक्याकडे पाहिलं. बोटभर केस. मग संज्योतकडे पाहिलं.

जरा थांबा हो तबलजी. इथं ठेका नको.

संज्योतचा हात आपोआप स्वतःच्या वेणीकडे गेला.

"हा तू ठेवलास?" मॅडमनी विचारलं. "कशाला?"

"कुणी झाकण उघडतंय का... ते कळावं म्हणून."

"आणि ते बघायला झाकण कोण उघडायचं?"

बशी कुणी नासवली? जी राखण करत होती, तिनंच! बशीही नासवली, आणि मनसुद्धा.

झाकिले ते रुजते। उकरिले ते कुजते।
राखणीच्या डोळ्यांनी। शेत अवघे वाळते॥

म्हणा माझ्याबरोबर! जोरात! ...हां.

आता पुढे? तोंडी परीक्षा दारात आलेली. शेतातला कुळीथ केव्हाच काढून झाला होता, आईकडे नवी मुळं नव्हती. वृषाली म्हणाली, "माझ्या बशीतले घे, पुढचे प्रयोग त्यांच्यावर कर."

आणि संज्योतच्या मनात काय आलं? "ही का देतेय? यात काय डाव असेल?" हो मंडळी! अजूनही! संशयाचं मूळ हरळीसारखं असतं, एकदा उपटून जात नाही.

"का देतेस?" तिनं विचारलंच.

"मग काय लोणचं घालू त्यांचं?" वृषाली म्हणाली आणि जिना दणाणेल अशी हसली.

संज्योतनं घेतले. जीव तोडून काम केलं. परीक्षेला बाहेरगावचे सर आले. संज्योतची बशी हातात घेऊन खूश झाले. "वा! इतकी शुद्ध वाढ! मुळापासून तुम्हीच वेगळे काढलेत ना हे?"

प्रश्न साधा होता हो. मान हलवली की काम झालं असतं! 'ओ' ग्रेड, ती एकुलती एक जागा — सगळं त्या मानेच्या एका झटक्यात. मॅडम बाहेर होत्या. वृषाली शेजारच्याच बाकाशी उभी होती, पण ती खाली बघत होती. ती बोलणार नव्हती. आणि हे, मंडळी, संज्योतला पक्कं ठाऊक होतं! ज्या पोरीवर तिनं वर्षभर पहारा ठेवला, तिच्यावर त्या क्षणी तिचा पुरता विश्वास होता. त्या विश्वासाचीच लाज वाटली तिला.

"नाही सर," संज्योत म्हणाली. "हे वृषाली घाडगेनं वेगळे काढले. माझ्या बशांत बुरशी झाली. माझ्याच केसामुळं."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि लिहून घेतलं.

निकाल लागला. 'ओ' गेला. जागा वृषालीला मिळाली.

काय काकू? "अरेरे"? मलाही वाटतं अरेरे. खोटं कशाला बोलू! खरं बोलल्यावर आभाळातून फुलं पडली असं मी सांगणार नाही. जागा गेली ती गेली. संज्योतनं वृषालीला मिठी मारली, तिच्या पेढ्यांतला अर्धा पेढा खाल्ला, आणि मागच्या पायरीवर जाऊन पोटभर रडली.

मग आईचा फोन आला. आता ही विचारणार, किती मिळाले! संज्योतनं ओढणीनं नाक पुसलं, आवाज घट्ट केला.

आई म्हणाली, "बाय माझे, एक विचारू? ती मुळं पाठवलेली ना मी, त्या गाठींत असतं काय गो? शेजारच्या वहिनी विचारत होत्या, मला काय सांगता येईना."

संज्योत पायरीवर नीट बसली. मग सांगायला लागली. जिवाणू मुळाच्या केसाळ टोकातून आत कसे शिरतात, झाड त्यांना घर कसं देतं, ते हवा कशी धरतात. आई मध्ये मध्ये विचारत होती, "मग?" "आणि त्यांना खायला कोण घालतं?" पोरीचे डोळे वाळले. आवाज चढला. हातवारे करून सांगायला लागली, फोनवर! एका प्रश्नाचं उत्तर तिलाच येईना, तर म्हणाली, "थांब आई, बघून सांगते," आणि उठून ग्रंथालयाकडे चालायला लागली. निकाल लागलेला, परीक्षा संपलेली, मार्क द्यायला कुणी नाही, आणि पोर पुस्तक उघडायला निघालीय! चालता चालता बोलतेय. आणि ग्रेड सांगायची राहूनच गेली!

काय रे पोरांनो? पुढं तिला जागा मिळाली का, ते हवंय? ती दुसऱ्या वर्षी प्रवेश परीक्षेला बसली एवढं सांगते. बाकीचं तुम्ही न बघता राहू दिलंत तर बरं!

तर मंडळी, मघाचा प्रश्न. शेजारच्याच्या ताटात किती आहे ते बघणाऱ्याचा घास हातातच गार होतो. अभ्यास बुडतो तो असा. पण हे मी पोरांना सांगत नाही, तुम्हाला सांगतेय. त्या पोरांच्या डोळ्यांत हा पहारा पहिल्यांदा कोण बसवतं? "वाड्यातल्या जोशांच्या पोराला किती?" कोण विचारतं? पोर घरी आलं, चपला काढायच्या आत "पेपर तपासून आले का?" कोण म्हणतं? तुमच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही हो! प्रेमानंच उघडतो आपण झाकण.

उद्या निकाल आहेत, माहीत आहे मला. कित्येकांची लेकरं शहरात आहेत, आज इथं बसून तुमचं निम्मं लक्ष तिकडेच आहे. उद्या फोन लावाल, तेव्हा एवढं करा. आकडा विचारू नका. विचारा, "बाळा, यंदा तुला सगळ्यांत नवल कशाचं वाटलं?" आणि मग गप्प बसा. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येणार नाही. घाबरू नका. आपण असं कधी विचारलेलंच नसतं ना, त्याला जरा आठवावं लागेल.

बोला, विठ्ठल! विठ्ठल!