रुस्क अकरावा आला

(नॉर्वेतल्या एका डोंगराळ गावात ओशिल्डचं स्वयंपाकघर. खुब्याची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवड्यांनी ती आजच घरी परतली आहे. समोर धाकटा भाऊ हालवार. जमिनीवर तिचा कुत्रा रुस्क पडून आहे.)

ओशिल्ड : हे बर्फानं खरचटलेलं नाही, हालवार.

हालवार : सांगितलं ना फोनवर. एप्रिलमधला बर्फ, वरून टणक झालेला. काचेसारखा कापतो अगदी.

ओशिल्ड : पंजाला कापतो. हे काखेत आहे. दोन्ही काखांत. जवळ ये आणि बघ.

हालवार : बघितलंय मी.

ओशिल्ड : मग पुन्हा बघ.

हालवार : मलम लावतोय गं रोज. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलंय.

ओशिल्ड : त्यांना काय सांगितलंस?

हालवार : तेच. बर्फाचं.

ओशिल्ड : छान.

हालवार : कॉफी ओतू तुला?

ओशिल्ड : बस खाली. जाताना मी काय सांगून गेले होते?

हालवार : की आठ वर्षांचा झालाय तो. पाठीवर पिशव्या बांधून फिरायला ने, दोन्ही बाजूंना सारखं वजन, तेही थोडंच. अगं, तसंच करत होतो मी! पहिले दोन आठवडे रोज. एका बाजूला त्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला माझा डबा. असा ऐटीत चालायचा, लोक थांबून बघायचे.

ओशिल्ड : आणि ओढण्याचं?

हालवार : ओढायला लावू नकोस म्हणालीस.

ओशिल्ड : क्लबचं पत्रक आलंय टपालानं. कुत्र्यानं माणसाला ओढत न्यायची स्कीवरची शर्यत, बारा किलोमीटर. हालवार आणि रुस्क, अकरावा नंबर.

हालवार : ...बाराच जण होते.

ओशिल्ड : ते नव्हतं विचारलं. ओढायचा पट्टा, हार्नेस, कुठला घातलास त्याला?

हालवार : माझ्या बिर्कचा.

ओशिल्ड : बिर्क रुस्कच्या दीडपट होता!

हालवार : आवळून घेतला होता. म्हणजे, जमेल तेवढा. गेल्या वर्षी बिर्क गेला, तेव्हापासून मी स्कीवर पाय ठेवला नव्हता, ओशिल्ड. जो तो विचारायचा, यंदा येणार ना? मला फक्त शर्यत सुरू होते त्या रेषेवर उभं राहायचं होतं. दोन किलोमीटर जाऊन परत फिरणार होतो.

ओशिल्ड : मग?

हालवार : पुढे जाणारे दिसले.

ओशिल्ड : ऊन होतं?

हालवार : होतं. बर्फाची नुसती लापशी झाली होती.

ओशिल्ड : आणि हा कुठे थांबला नाही?

हालवार : थांबला. पाचव्या किलोमीटरला. वळून बघितलं माझ्याकडे.

ओशिल्ड : तुला वाटलं, दम लागला असेल.

हालवार : तसंच सांगणार होतो तुला. पण नाही. त्याला दुखतंय, हे मला कळलं होतं. चालीवरूनच कळतं ते, वीस वर्षं क्लबच्या नवशिक्यांना तेच शिकवतोय मी. मी म्हटलं, चल रे. आणि तो निघाला. मी म्हटलं म्हणून निघाला. पुढचे सात किलोमीटर.

ओशिल्ड : (मलमाची डबी जवळ ओढते.)

हालवार : बोल काहीतरी. शिव्या दे.

ओशिल्ड : दिल्या की तुला बरं वाटेल. म्हणून नाही देत.

हालवार : हार्नेस काढला तेव्हा केस पट्ट्याला चिकटून आले. आजूबाजूला सगळे होते. मी पटकन माझं जॅकेट टाकलं त्याच्यावर. एक बाई म्हणाल्या, किती जपता हो कुत्र्याला! आणि मी... मी हसलो, ओशिल्ड.

ओशिल्ड : शनिवारी नवा वर्ग आहे ना तुझा?

हालवार : येत नाही म्हणून कळवतो.

ओशिल्ड : जायचं. आणि हे सगळं सांगायचं. जॅकेटसकट.

हालवार : कुठल्या तोंडानं उभा राहू त्यांच्यापुढे?

ओशिल्ड : ह्याच. दुसरं आहे का तुझ्याकडे?

हालवार : ...जाईन. डॉक्टरीणबाईंनाही खरं सांगतो, आजच. आणि सकाळी मी येत जाईन, रुस्कला फिरवायला. नुसता. पाठीवर काही नाही, ओढायला काही नाही.

ओशिल्ड : नको. मी नेईन.

हालवार : कुबड्या घेऊन? तुला अजून धड चालता येत नाही.

ओशिल्ड : त्यालाही नाही येत. जमेल आमचं.