चार ओंजळी

नाही नाही, उठू नका सुदामभाऊ — पाय वर ठेवलाय तो तसाच राहू द्या. मी बसतो इथेच, याकूबभायच्या खाटेवर. ही खालचीच ना त्याची? सांगितलं होतं त्याने मला — अल मन्सूरात किराणा दुकानाच्या वर, दुसरा मजला, हिरवा दरवाजा, आणि आत परभणीचा सुदाम, घोरतो फार पण माणूस सोन्यासारखा. — हसू नका, असंच म्हणाला. मी बशीर. बशीर मुकादम, मशिदीच्या फुकट इफ्तारीच्या तंबूतला. हां, तोच! म्हणजे माझं नाव निघतं इथे? काय म्हणतो माझ्याबद्दल? — नको, राहू द्या, नका सांगू. आणि चहा अजिबात नको, रोजा आहे. एकोणतिसावा. चंद्र दिसला तर आजचा शेवटचा.

काम छोटंच आहे. ही पिशवी त्याला द्यायची. तांदूळ आहे, दुसरं काही नाही. आणि सांगायचं — बशीरला गावाहून अचानक बोलावणं आलं, तो राजापूरला गेला, तांदूळ परत देऊन गेला, तुझा तू दुसऱ्या कुणाला तरी दे, पण ईदच्या नमाजाआधी दे. नमाजाआधी — एवढं विसरू नका. झालं, खलास. निघतो मी. किती वाजता येतो तो? अस्रची, दुपारची अजान होते तेव्हा? मग आहे वेळ, वीसेक मिनिटं आहेत. — काय? तुम्हीच द्या म्हणता? मी कसा देऊ, मी तर गावाला गेलोय ना.

बरं, ऐका. तुम्हाला फितरा माहीत आहे? नसेल, सांगतो. रमजान संपताना प्रत्येक मुसलमानानं आपल्यामागे एक माप धान्य गरिबाला द्यायचं. श्रीमंतानंच असं नाही — ज्याच्या घरी ईदच्या दिवसापुरतं खाऊन थोडं उरतं, त्या प्रत्येकानं. म्हणजे ईदला कोणी उपाशी राहू नये. बरेच जण पैसे देऊन मोकळे होतात, पण आम्ही कोकणातले, शाफई पंथाचे, आमच्यात धान्यच द्यायचं. आणि ते पोचलं पाहिजे गरिबाच्याच हातात. आमच्याकडे बायका म्हणतात, फितरा दिला नाही तर रोजे वर पोचत नाहीत, मध्येच लटकून राहतात. तर याकूबभायनं त्याचा फितरा परवा मला दिला. सत्ताविसाव्या रोजाला. इफ्तारीनंतर सगळे हात धुवायला उठले, तेव्हा मला बाजूला घेतलं आणि ही — अशीच पिशवी हातात ठेवली. म्हणाला, बशीरभाय, काट्यावर नाही मोजला, हातानं मोजलाय, चार ओंजळी, जसा नबींच्या, पैगंबरांच्या वेळी मोजायचे तसा. खडा एक सापडायचा नाही. तुम्ही पाहिलंत त्याला निवडताना? या खाटेवर बसून? दोन दिवस? — दोन दिवस. अल्ला.

टाइल्स बसवून बसवून त्याचे हात केवढे झालेत ते तुम्हाला माहीतच आहे. चार ओंजळी म्हणजे अडीच किलोच्या वर सहज गेला असेल.

परत का करतोय, तेच विचारताय ना तुम्ही मघापासून. मला गरज नाही म्हणून. — नाही, म्हणजे, गरिबाची गरज वेगळी. मी — बूट पाहिलेत ना तुम्ही माझे? दारात काढलेत ते. तुम्ही पाहिलेत, तुमची नजर गेली होती, मी पाहिलं. आज घाईत चपला घालायच्या राहिल्या. या दुसऱ्या पिशवीत आहेत बघा, या. डावीचा पट्टा तारेनं बांधलेला. याच घालून मी तंबूत जातो. आणि एक खाकी शर्ट आहे, एकोणीस वर्षांपूर्वीचा, कॉलर विरलेला, तो गाडीत असतो. हो, गाडी. मेट्रोच्या पलीकडे लावतो, तिथे शर्ट बदलतो आणि चालत येतो.

अॅल्युमिनियमचं वर्कशॉप आहे ना, जिथे मी हेल्पर आहे असं याकूबभायला सांगितलंय — ते माझं आहे. बत्तीस माणसं आहेत. ओल्ड एअरपोर्टला घर आहे, वर-खाली. बघू नका असं, बघू नका. मी चोर नाही. म्हणजे — ऐका आधी.

एकोणीस वर्षांपूर्वी मी या देशात आलो, पहिला रमजान त्याच तंबूत काढला. तेव्हा खरंच हेल्पर होतो. अंथरलेल्या लांब प्लॅस्टिकच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर रांगा, प्रत्येकापुढे एक डबा — बिर्याणी, तीन खजूर, ताकाची बाटली, एक सफरचंद. अजानीच्या आधी पाच मिनिटं दोनशे माणसं गप्प बसायची. खजूर हातात धरून. त्या पाच मिनिटांत मला जे वाटायचं ना सुदामभाऊ, ते नंतर कुठेच वाटलं नाही. घरी आज टेबलावर पंधरा पदार्थ असतात. सितारा — माझी बायको — मनापासून करते हो, तिचा दोष नाही. पण अजान होते, मी खजूर तोंडात टाकतो, मुलगा मोबाइलमधून मान वर करत नाही, आणि पोट भरतं. पोटच भरतं. मग पाच वर्षांपूर्वी एकदा गंमत म्हणून गेलो तंबूत. जुना शर्ट घालून, कारण साहेब दिसलो तर तिथले व्यवस्थापक खुर्ची आणून देतात, आणि खुर्चीवर बसून काय मजा. मग दुसऱ्या दिवशीही गेलो. सिताराला वाटतं मी तिथे सेवा करतो, लोकांना वाढतो. बहिणीला फोनवर कौतुकानं सांगते. मी रोज रात्री वही लिहितो, तारीख-वार टाकून, काय खाल्लं, कुठे गेलो, कुणाशी बोललो — वीस वर्षं एक दिवस चुकलेला नाही. पण तंबूचं त्यात कुठेही नाही. त्या जागी 'मशिदीत' एवढंच लिहितो. स्वतःच्या वहीत सुद्धा.

मी इमामसाहेबांना विचारलं होतं. म्हटलं, माझा एक मित्र आहे, बरा खाऊन-पिऊन आहे, तो तंबूत जाऊन इफ्तार करतो, चालतं का? ते म्हणाले, इफ्तार रोजेदारासाठी असते, मालदार असला म्हणून हराम होत नाही. सुटलो ना मी? कायद्यानं सुटलो. मग त्याच आठवड्यात बयानात, म्हणजे प्रवचनात, त्यांनी नबींची हदीस सांगितली — गरज नसताना जो मागत फिरतो, तो कयामतीच्या दिवशी येईल तेव्हा त्याच्या तोंडावर मांसाचा तुकडा नसेल. माझ्याकडे बघून नाही सांगितली, सगळ्यांनाच सांगितली. पण मी दाढीवरून हात फिरवला, आपोआप. आणि मी काय मागत होतो? डबाच ना. मागतही नव्हतो, समोर यायचा. — नाही, हेही खरं नाही. सतराव्या रोजाला डबे कमी पडले. शेवटचा माझ्यापुढे आला. माझ्यामागे एक बांगलादेशी उभा होता, हेल्मेट काखेत, साइटवरून थेट आलेला. त्याला हात हलवून परत पाठवायला लागले. मी काय केलं? मी डबा उघडला. याकूबभायनं त्याला हाक मारली, ओ भाई, इधर, आणि आपली बिर्याणी झाकणावर अर्धी काढून दिली. वर मलाच म्हणतो, तू खा बशीरभाय, तू वाळलायस. मी वाळलोय! मला डॉक्टरनं आठ किलो उतरवायला सांगितलंय.

त्याच्यापाशी बसायलाच जायचो मी, बाकी काही नाही. कसा जगतो हो हा माणूस? तुम्ही बघता रोज. कंपनीनं फोरमन केला तर नको म्हणाला — का, तर ओरडावं लागतं. मी विचारलं, याकूबभाय, एवढ्या पगारात भागतं? तर म्हणे, सकाळी उठलो, हात-पाय चालतात, आजचं खाणं आहे, कोणी मागे लागलेलं नाही — ज्याला एवढं मिळालं त्याला सगळी दुनिया मिळाली, हे मी नाही, नबींनी सांगितलंय. आणि तो ते भिंतीवरच्या सुविचारासारखं नाही बोलत. सफरचंद चावत बोलतो. त्याच्या शेजारी बसलं की वाटायचं, माझ्याकडेही आहे. अर्धा तास वाटायचं. मग गाडीत शर्ट बदलला की जायचं.

चोविसाव्या रोजाला हा पट्टा तुटला. खरोखर तुटला, मुद्दाम नाही तोडला. मी तार शोधून बांधला. याकूबभाय बघत होता. तीन दिवसांनी तांदूळ आणला.

घ्यायचा नव्हता ना! मला काय कळत नाही? फितरा मालदाराला हलाल नाही, लहान पोराला माहीत असतं. मी म्हटलं, नको याकूबभाय, कुणा जास्त गरजूला द्या. तर म्हणाला — कसा बोलला सांगू — म्हणाला, वर्षभर माझा हात खालीच असतो. कंपनीपुढे, तंबूत, डब्यासाठी. वर्षात हा एकच दिवस तो वर असतो. नाही म्हणू नकोस. मग मी काय म्हणणार होतो, सांगा? त्या क्षणी म्हणायचं, की याकूबभाय, पलीकडे माझी गाडी उभी आहे? त्याचा हात वर होता हो. मी खाली धरला माझा.

द्या, ती पिशवी द्या जरा. — चांगला तांदूळ आहे, नाही? लांब दाणा. एकेक सुटा होतो. तुम्ही उघडून बघू नका. बघितलात? — बरोबर. तो नाही हा. याकूबभायनं उकडा निवडला होता, लालसर, जाड, आमच्याकडे गावात खातात तसला, तुमच्यासमोरच निवडला. हा मी आज सकाळी आणला. तो — तो संपला.

मी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला होता. काही बोललो नाही. बोलणार काय? म्हटलं, उद्या कुणाला तरी देऊ, विचार करू. आणि काल तंबूत गेलो नाही, तोंड दाखवायची लाज वाटली. काल सिताराच्या बहिणीकडचे सगळे इफ्तारीला होते, बारा माणसं. सितारानं समजून घेतलं की मी हौसेनं आणलाय, गावची आठवण म्हणून. बिचारीनं सगळा शिजवला, सुक्या बोंबलांचं कालवण केलं. माझा जियाद, जो कधी जेवणाबद्दल चकार शब्द काढत नाही, तो इंग्रजीतून म्हणाला, आज राइस वेगळा आहे, मस्त आहे, आणि मोबाइल बाजूला ठेवून जेवला. आणि मी? मला पहिल्या घासाला कळलं, सुदामभाऊ. पहिल्या. तेव्हाच ताट सरकवायला हवं होतं. मी दोनदा घेतला. चव घेऊन खाल्ला. एकोणीस वर्षांत घरच्या टेबलावर पहिल्यांदा मला तसं वाटलं, तंबूत वाटतं तसं. उरलेला आज सकाळी कचऱ्यात गेला. पातेलं घासलेलं पाहिलं तेव्हा गाडी काढली.

त्याच्या तोंडचा घास काही हिरावला नाही मी. पैशानं बघाल तर पंधरा रियालचा पण नसेल. अशी दहा पोती मी आत्ता खालच्या दुकानातून चढवू शकतो वर. मग? त्यानं काय होतं? आज सकाळी परत इमामसाहेबांना फोन केला. या वेळी मित्र नाही म्हटलं. मी म्हटलं. ते म्हणाले, आपल्या मसलकाप्रमाणे, शाफई पंथाप्रमाणे, त्याचा फितरा उतरलेला नाही, त्याला पुन्हा द्यावा लागेल, आणि त्यासाठी त्याला कळलं पाहिजे. मी म्हटलं, न सांगता नाही का होणार? त्यांनी विचारलं, कुणासाठी विचारताय, त्याच्यासाठी की तुमच्यासाठी? आणि ठेवला फोन. त्याचा वर्षातला एक दिवस, सुदामभाऊ. तो मी बोंबलाबरोबर खाल्ला.

म्हणून म्हणतो, तुम्ही सांगा. राजापूरला गेला म्हणा. बशीर गरीबच राहील मग त्याच्यासाठी, आणि तांदूळ नमाजाआधी योग्य हातात पडेल. कुणाचं काय बिघडतं? — असं मान हलवू नका. तुम्हाला सोपं आहे, तुम्ही त्याच्यापुढे कधी — काय म्हणालात? त्याला हा तांदूळ त्याचा नाही हे एका नजरेत कळेल? हां. कळेल. दोन दिवस निवडलाय.

अजान झाली का? बस आली वाटतं खाली. तोच हा. जिन्यावर गाणं म्हणतोय, रोज म्हणतो का? थांबला. — ऐकलंत? "अरे सुदाम, कोण साहेब आलाय रे?" म्हणतोय. बूट बघितले त्यानं.

नको, ती चपलांची पिशवी नको. राहू द्या म्हटलं ना खाटेखाली — अहो, पाय सांभाळा, उठू नका तुम्ही.

वालेकुम सलाम, याकूबभाय. मी आहे, बशीर. हो, हो, बरा आहे. काल जरा — ताप होता. बूट? ते बाहेरचे? ते होय, ते कुणीतरी —

नाही.

आत या, याकूबभाय. दार लावा. बूट माझे आहेत.