लेलंडची चाकं विल्बरने नेली त्याबद्दल

जबाब देणार: आर्लीन हावलिचेक, वय ६४ वर्षे, धंदा: शाळेच्या बसची चालक, जूनपासून निवृत्त, राहणार: काउंटी रोड जे, केटल फोर्क, विस्कॉन्सिन.

मी आज शेरीफ कचेरीत आपण होऊन आले आहे आणि डेप्युटी हॉली ब्रँट यांच्यासमोर सांगते ते असे की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती लेलंड सहा वर्षांपूर्वी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने वारले. त्यांची दोन माणसांची लहान स्पोर्ट्स गाडी माझ्या कब्जात आहे. ते ती गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवत. मी तीस वर्षे कुंपणापाशी खुर्ची टाकून बसत असे.

आजारपणाच्या हिवाळ्यात लेलंडने ठरवलं की पुढच्या मोसमात गाडी मी चालवायची. त्याकरिता त्यांनी चाकं आणि टायर निवडायला घेतले. उठवत नव्हतं, तर मला गॅरेजमध्ये पाठवून ब्रेकच्या आकाराचा पुठ्ठा कापून आणवला आणि रिम त्यावर बसेल की घासेल हे पलंगावर मांडून पाहिलं. पंधरा इंची हलकी रिम ठरली. टायरवरून त्यांचं आणि विल्बर टॉफ्ट याचं भांडण झालं. विल्बर, वय ७०, निवृत्त प्लंबर, लेलंडचा ट्रॅकवरचा जुना सोबती. त्याचं म्हणणं, रुंद आणि डिंकासारखे चिकट टायर घ्या. लेलंडने अरुंद आणि कमी पकडीचे घेतले. ते म्हणाले, "चिकट टायर नवशिक्याच्या चुका पोटात घालतो आणि एक दिवस न सांगता हात सोडतो. हा घसरण्याआधी ओरडेल. आर्लीनला ओरडणारा टायर पाहिजे, तीस वर्षं तिनं बसमधली पोरं ऐकलीत." विल्बर म्हणाला, "मग तिला बैलगाडीच घेऊन दे." दोघेही हसले. ते टायर रिमवर चढवून आले त्याच महिन्यात लेलंड गेले.

त्यानंतर मी ट्रॅककडे फिरकले नाही. चाकं गॅरेजच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेली होती. गॅरेजला हीटर नाही. मी रोज त्यांच्याजवळून बसकडे जात असे आणि वरच्या चाकावर हात ठेवत असे. डेप्युटींनी विचारलं, हे लिहायचं का? लिहा.

यंदा निवृत्त झाल्यावर मी ट्रॅकवरच्या या शनिवारच्या नवशिक्यांच्या दिवसाला नाव दिलं. विल्बरला चाकं बसवायला बोलावलं. त्याने टायरच्या कडेवरचा बनवल्याचा आठवडा आणि साल वाचलं, रबरात अंगठ्याचं नख रोवून पाहिलं आणि खाली बसला. म्हणाला, "आर्लीन, यांचा दगड झालाय. सहा हिवाळे गोठलेत हे."

मी म्हटलं, "कोरे आहेत. अजून वरची रबराची लव गेलेली नाही."

"लव असू दे. पहिल्या उतारावर ब्रेक मारशील तर गाडी वळायचं नाव घेणार नाही."

"लेलंडनं निवडलेत ते."

"तू संध्याकाळी धडधाकट घरी यावीस म्हणून निवडले होते, बाई! भिंतीला जाऊन चिकटावीस म्हणून नाही."

मी त्याला म्हटलं, मरता मरता माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी घेतलेली शेवटची वस्तू आहे ही, तुला पटत नसेल तर दार उघडंच आहे. तो टोपी घेऊन निघून गेला. मला वाईट वाटलं, पण हाक मारली नाही.

मंगळवारी मी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेले होते. परत आले तर चाकं नव्हती. त्या जागी जमिनीवर निळ्या चिकटपट्टीचा ७१ हा आकडा चिकटवलेला होता. तो विल्बरच्या गाडीचा नंबर आहे. आमच्यात रीत अशी आहे की ट्रॅकवर कोणाचा जॅक किंवा पाना मालक नसताना न्यायची वेळ आली, तर जागेवर आपला नंबर चिकटवून जायचं. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. तरीही मी रागाच्या भरात शेरीफ कचेरीला फोन केला आणि चोरी म्हटलं. संशय कोणावर असं विचारलं तेव्हा विल्बरचं नाव, पत्ता आणि ट्रकचा रंगसुद्धा सांगितला.

डेप्युटींना तो टायरच्या दुकानात सापडला. त्याने काही नाकारलं नाही. चाकं डेप्युटींच्या गाडीत त्यानेच चढवली, आणि कचेरीत उतरवताना त्यांनी ती नीट आडवी ठेवली नाहीत म्हणून त्यांना बोलणीही ऐकवली. आज मला मुद्देमालाच्या खोलीत चाकं ओळखायला नेलं. रिम त्याच होत्या. टायर नवीन होते. मी वाकून कडेवरचं वाचलं. माझी खात्री होती की त्याने आपले रुंद, चिकट टायर चढवले असणार, कारण इतकी वर्षं त्याने दुसरं काही चांगलं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पण ते लेलंडचेच होते. तीच जात, तेच अरुंद माप, याच वर्षी बनलेले.

बाहेर बाकावर विल्बर बसला होता. मी विचारलं, "बैलगाडीचे टायर का आणलेस?"

तो म्हणाला, "त्याचंच बरोबर होतं. तेव्हा म्हटलं असतं तर डोक्यावर बसला असता." मग म्हणाला, "शनिवारी पहिल्या फेऱ्या हळू मार, नवं रबर आहे. मी शेजारी बसतो. ओरडलो तर घाबरू नकोस." त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. हे कचेरीने पाहायला हवं होतं.

माझी विल्बर टॉफ्ट याच्याविरुद्ध तक्रार नाही. चाकं आणि विल्बर, दोन्ही आजच माझ्यासोबत सोडावे.

डेप्युटींनी विचारलं की काढलेले जुने चार टायर त्या दुकानातच पडून आहेत, ते तुमच्या मालकीचे आहेत, परत हवेत का? हवेत. पण ते घरी आले तर मी आज ना उद्या तेच बसवीन, हे माझं मला माहीत आहे. म्हणून ते भंगारात द्यावेत. उद्या मी रडत मागायला आले तरी मला देऊ नयेत.

हा जबाब डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी जे बोलले तेच आणि तेवढंच त्यात आहे, म्हणून खाली सही करते.

आर्लीन हावलिचेक